मशीन ठणठणीत आहे

मी कानामागे बसणारं ऐकण्याचं मशीन. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. आयुष्यभर मी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात नेऊन पोचवलं, आणि त्यात पदरचा एक शब्द कधी घातला नाही. पण आज दोन शब्द स्वतःचे सांगायचे आहेत. जरा जवळ सरकून बसा. ओरडायची सवय मला नाही.

आकाराने मी काजूएवढा, रंगाने राखाडी. पोटात एक सेल, डोक्यावर दोन बारीक छिद्रं आणि तिथून निघून कानात उतरणारी एक पारदर्शक नळी, एवढाच माझा संसार. माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या हॉलमध्ये झाला. भिंगातून बघत काम करणाऱ्या एका बाईने माझे अवयव चिमट्याने जागच्या जागी बसवले. काम करताना ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची. मग मला एका अगदी निःशब्द खोलीत नेऊन माझी परीक्षा घेतली. मी पास झालो आणि डबीत बंद होऊन जगात निघालो.

पोचलो ते कान तपासणाऱ्या एका मॅडमच्या दवाखान्यात, काचेच्या कपाटात. तिथून मी पुष्कळ माणसं पाहिली. नजर अधू झाली तर माणूस चष्मा नाकावर मिरवतो. पण कानांचं नाव काढलं की त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा होतो. "मला नीट ऐकू येतं हो, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात," असं म्हणणारी दिवसाकाठी दोन माणसं तरी यायची.

एक दिवस हेच वाक्य म्हणत मिस्त्री आले. स्वतःहून आले नव्हते, मुलीने धरून आणलं होतं. ही मुलगी दूरच्या गावी नोकरीला. दर रविवारी फोन करायची, आणि वडील "हो हो, आईला देतो" एवढंच म्हणून फोन पुढे द्यायचे. तीन वर्षं वडिलांशी धड बोलणं झालं नव्हतं तिचं.

मिस्त्री म्हणजे सुतार. चाळीस वर्षं लाकूड कापायच्या मशीनशेजारी उभे राहिलेले. त्या मशीनने लाकडाबरोबर त्यांचं ऐकणंही थोडं थोडं कापत नेलं, आणि भुशाबरोबर ते कधी झाडलं गेलं हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. मॅडमनी त्यांच्या कानाचा साचा घेतला, मला त्यांच्या मापाने जुळवलं आणि कानामागे बसवलं.

"कसं वाटतंय काका?"

मिस्त्री दचकले. "ओरडताय कशाला?" म्हणाले. मुलगी हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले.

घरी मात्र आमचं जमलं नाही. दोष कोणाचाच नव्हता. इतकी वर्षं शांततेत राहिलेल्या माणसाच्या डोक्यात मी एकदम सगळा गाव आणून सोडला. नळाचं पाणी, भांड्यांचा खणखणाट, वर्तमानपत्राचं पान, स्वतःच्याच चावण्याचा आवाज! "डोक्यात भुंगा सोडलाय नुसता," म्हणत मिस्त्रींनी चौथ्या दिवशी मला काढलं, सेल बाहेर काढला आणि खाली कारखान्यातल्या खिळ्या-स्क्रूंच्या खणात टाकून दिलं. वर्षभर मी तिथे पडून होतो. शेजारी मोजायचा एक मोडका टेप आणि पितळी बिजागऱ्या. गंजतो की काय अशी धास्ती वाटायची, पण बिजागऱ्या मनमिळाऊ होत्या.

ऐकू न येणाऱ्या माणसाची एक युक्ती असते. समोरचा काहीही म्हणो, मान हलवायची आणि म्हणायचं, "हो हो." लोक हसले की आपणही हसायचं. मिस्त्रींचा या युक्तीत हातखंडा होता. मी खणात असतानाच त्या युक्तीने एकदा त्यांना चांगलंच पाडलं; ते मला मागाहून ऐकायला मिळालं.

पुस्तकांची हौस असलेल्या एका निवृत्त बाईंनी त्यांना कपाट सांगितलं होतं. "खिडकीखाली बसेल असं करा," असं त्या दोनदा म्हणाल्या. मिस्त्रींनी दोन्ही वेळा "हो हो" म्हटलं आणि खिडकीएवढं कपाट केलं. काम बाकी देखणं. सांधा असा की नख शिरणार नाही. पण ते जागेवर उभं केलं आणि खोलीत अंधार झाला. खिडकी गायब!

बाई सभ्य होत्या. एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला ऐकू आलं नाही तर तसं सांगायचं हो. मी लिहून दिलं असतं."

हे मात्र त्यांना स्वच्छ ऐकू आलं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं काम कधी परत आलं नव्हतं. कपाट परत आणलं, खाली उतरवलं आणि त्याच पावली त्यांनी खण उघडून मला शोधलं. माणसाची गंमत बघा. मुलीने विनवलं, बायकोने हात जोडले, तेव्हा मी खणात. आणि लाकूड वाया गेलं तेव्हा मी कानात! पण मी तक्रार केली नाही. कोणत्या का कारणाने होईना, दार उघडलं हे महत्त्वाचं.

नवा सेल घालून मिस्त्री जिना चढून वर घरात आले. खाली कारखाना, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं त्यांचं घर. त्यांची बायको खिडकीशी शिवणाचं मशीन चालवत होती. गल्लीत त्यांना सगळे ताई म्हणत. कपड्यांना दुमड घालून देणं, चेन बदलणं, उसवलेलं नीट करणं हे त्यांचं काम. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "चहा ठेवलाय, झाकण काढून बघा."

मी ते बोलणं जसंच्या तसं पोचवलं. आणि मिस्त्री जागीच थबकले. तो आवाज ओळखीचाच नव्हता. फाटलेला, खरखरीत, मध्येच विरून जाणारा. लाकडावर जाड पॉलिश पेपर घासावा तसा. त्यांच्या मनात बायकोचा जो आवाज होता तो दहा वर्षांपूर्वीचा होता, आणि तो चांगला खणखणीत होता.

"खणात पडून बिघडलं वाटतं हे," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते थेट मॅडमकडे गेले. "मॅडम, तुमचं मशीन घोगरं झालंय. आवाज फाटका येतो."

मॅडमनी मला साफ केलं, नळी बदलली, एका यंत्राला जोडून तपासलं, स्वतःच्या कानाला लावूनही पाहिलं. मग परत मिस्त्रींच्या कानामागे बसवलं.

"काका, माझा आवाज कसा येतोय?"

"स्वच्छ."

"बाहेर ते आजोबा फोनवर बोलतायत, त्यांचा?"

"तोही स्वच्छच आहे."

"मग फाटका कोणाचा येतो?"

"बायकोचा."

मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मशीन ठणठणीत आहे काका. काकूंचा घसा कधीपासून बसलाय?"

एरवी कुठल्याही प्रश्नाला "हो हो" म्हणून मोकळा होणारा माणूस. पण या प्रश्नाला ते उत्तर चालणार नव्हतं. मिस्त्रींना माहीतच नव्हतं. एका घरात राहून, एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून, त्यांना माहीत नव्हतं. कानामागची त्यांची शीर माझ्या पाठीला लागून असते. ती धडधडायला लागलेली मला जाणवली.

"दोन-तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज घशाच्या डॉक्टरांना दाखवायला हवा," मॅडम म्हणाल्या. "घाबरायचं म्हणून नाही. पण दाखवायचा."

मिस्त्री घरी आले आणि दिवसभर कारखान्यातलंच काहीबाही करत राहिले. विचारायचं कसं? ज्या माणसाने वर्षानुवर्षं विचारलं नाही, त्याच्या तोंडात प्रश्न लवकर बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड धुण्याआधी मला कानावर चढवलं. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. ताई रोज सकाळी खिडकीशी बसून देवाचं नाव घेत, हे मिस्त्रींना माहीत होतं. त्यावरून ते चेष्टाही करायचे, "झालं का तुमचं बोलणं? माझा निरोप दिलास का?" पण ताई काय बोलतात हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. आणि नवरा ऐकत नाही म्हटल्यावर ताईही मनातलं मनात ठेवत नसत. बहिऱ्याच्या घरात एवढी सोय असते.

"माझं जे व्हायचं ते होऊ दे," ताई म्हणत होत्या. "दादाचंही असंच झालं होतं, आधी आवाजच गेला. मी रडत नाहीये. पण यांचं काय? यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. दूध उतू गेलं तरी कळत नाही. माझ्यामागे यांच्याशी ओरडून कोण बोलेल? एवढी सोय लाव, बाकी मी काही मागत नाही."

मिस्त्री दाराची चौकट धरून उभे राहिले. चौकट त्यांनीच बनवलेली होती.

ऐकलं नाही असं दाखवून त्यांना मागे फिरता आलं असतं. त्या कलेत ते तरबेज होते. एक पाऊल त्यांनी मागे घेतलंही. मग मोठ्याने खाकरले आणि आत गेले.

"मी ऐकलं," ते म्हणाले.

ताईंनी वळून पाहिलं. त्यांची नजर कानाकडे गेली. "कधीपासून घालताय ते?"

"परवापासून."

"आणि गुपचूप उभं राहून ऐकलंत?" ताई चिडल्या. खऱ्याच चिडल्या. पण आवाज फुटेना, नुसती फरफर आली.

"चुकलं माझं. पण अगं, मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी. इथेच उभी राहून म्हटलं, घशात काहीतरी आहे, भीती वाटते. तुम्ही म्हणालात, हो हो, बघू."

मिस्त्री खाली बसले.

"पुन्हा सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं," ताई म्हणाल्या. "जेवायला चला, हे ओरडून सांगता येतं. मला भीती वाटते, हे कसं ओरडून सांगायचं? मी म्हणून बघितलं एकदा, बंद खोलीत. मलाच कसंतरी झालं."

त्यांचा थोरला भाऊ घशाच्या आजाराने गेला होता. सुरुवात बसलेल्या आवाजानेच झाली होती. आठ महिने ही बाई ते एकटीने उरावर घेऊन कपड्यांना दुमड घालत होती, हसत होती, चहा ठेवत होती.

"आज कारखाना बंद," मिस्त्री म्हणाले. "चल."

"अहो, पण ते कपाट..."

"राहू दे कपाट."

घशाच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. ताईंना आत नेलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघायचा होता, म्हणून मिस्त्रींना बाहेर बसवलं. इतका वेळ नुसतं बसून राहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी देवाकडे काही मागून बघायचा प्रयत्न केला. ओठ हलले, शब्द जुळले नाहीत. आयुष्यभर चेष्टा केलेल्या दाराची कडी कोणत्या तोंडाने वाजवायची? शेवटी त्यांनी मागणं सोडून दिलं आणि नुसते ऐकत बसले. पंखा फिरत होता. कोणीतरी नाक ओढलं. एक म्हातारी नर्सला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत होती आणि नर्स न चिडता पुन्हा पुन्हा तेच उत्तर देत होती. मिस्त्रींच्या शिरेचे ठोके हळूहळू संथ झाले. मला विचाराल तर त्या बाकावर त्यांनी पहिली प्रार्थना केली. शब्द नव्हते, इतकंच.

मग दार उघडलं आणि त्यांना आत बोलावलं.

डॉक्टर तरुण होते. पडद्यावर त्यांनी चित्र दाखवलं. "या दोन पट्ट्या दिसतायत ना, यांच्यातून आवाज येतो. आणि हे दोन उंचवटे, समोरासमोर." ताईंनी डोळे मिटले. डॉक्टर पुढे म्हणाले, "काका, तुमचा हात बघू. हे काय आहे?"

"घट्टे. रंधा मारून मारून झालेत."

"तसेच हे. आवाजाचे घट्टे. कॅन्सर नाही हा, काकू. ऐकलंत का? तसलं काहीही नाही."

मला फक्त ताईंचा श्वास ऐकू आला. आठ महिने अर्ध्यावर अडवून धरलेला श्वास त्यांनी पुरता सोडला.

"घशावर ताण देऊन बोलणाऱ्यांना हे होतं," डॉक्टर म्हणाले. "शाळेत शिकवता का?"

"नाही."

"बाजारात विक्री वगैरे?"

"नाही हो," म्हणत ताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. तेवढ्या आनंदातही त्या त्यांना सांभाळून घेत होत्या.

"माझ्यामुळे," मिस्त्री म्हणाले. "मला ऐकू येत नाही. मी मशीन घालायचो नाही. ती जिन्यातून ओरडायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मग औषध तुमच्या कानाला आधीच लावलेलं आहे. काकू, ओरडायचं बंद. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण येतो. साध्या आवाजात, जवळ जाऊन बोलायचं. व्यायाम शिकवतो, ते रोज करायचे आणि दर महिन्याला दाखवायला यायचं. बहुतेक शस्त्रक्रियेची वेळ येणार नाही."

बाहेर पायरीवर आल्यावर ताई एकदम हसायला लागल्या. पाणी यायला लागल्यावर नळ आधी खरखरतो तसं ते हसू होतं. "एवढी वर्षं नवऱ्याच्या अंगावर ओरडले, त्याची शिक्षा देवाने घशातच दिली!"

"शिक्षा चुकीच्या माणसाला दिली," मिस्त्री म्हणाले. आणि भर रस्त्यात त्यांनी बायकोचा हात धरला. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं, पण हात सोडवला नाही.

आता तुम्हाला वाटेल, यानंतर सगळं सुरळीत झालं. तसं नसतं. सवय ही खिळ्यासारखी असते, उपटली तरी भोक राहतं. मिस्त्रींनी एक नेम केला: संध्याकाळी कारखाना बंद झाला की हातात काही न घेता स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचं. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही. पहिल्या दिवशी ताई बावरल्या.

"असे काय बसलात? काही हवंय का?"

"नाही. तू बोल."

"काय बोलू?"

"काहीही."

ताईंनी खूप विचार केला, आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं मांजर वजनकाट्यात जाऊन झोपतं, ही बातमी दिली. मिस्त्री पोट धरून हसले. ही बातमी चार वर्षं जुनी होती. ओरडून सांगण्याच्या लायकीची नाही म्हणून सांगायची राहून गेली होती. तेव्हा मला कळलं, घरात बोलणं आटतं तेव्हा आधी अशा बिनकामाच्या गोष्टी जातात. कामाच्या शेवटपर्यंत टिकतात. त्यामुळे काही गेलंय हे लक्षातच येत नाही.

"हो हो" सोडणं जास्त अवघड गेलं. त्या जागी त्यांना एकच वाक्य शिकायचं होतं: "ऐकू आलं नाही, परत सांग." पाच शब्द, पण पाच मण वजनाचे. पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर म्हणाले तेव्हा कान लाल झाले. चटका मलाही बसला. गिऱ्हाइकाने निमूटपणे परत सांगितलं. आभाळ कोसळलं नाही.

मध्ये एकदा भांडणही झालं. ताईंची बाजू वरचढ होतेय असं दिसताच मिस्त्रींनी मला काढून खिशात टाकलं. सरळ सरळ पळपुटेपणा! ताई ओरडल्या नाहीत. समोर येऊन उभ्या राहिल्या आणि हात पुढे करून बोटाने कान दाखवला. दोन मिनिटं गेली. मग खिशातून मी परत बाहेर आलो. भांडण ताईंनी जिंकलं, आणि ते योग्यच होतं.

सकाळच्या खिडकीशीही बदल झाला. "हल्ली तुझी कुजबुज ऐकू येत नाही," मिस्त्री एकदा म्हणाले.

"डॉक्टरांनी कुजबुजायला मनाई केलीय. आणि आता तुम्ही ऐकता! म्हणून मनात बोलते."

"मी बसू शेजारी? मला काही मागता येत नाही पण."

"मागू नका. नुसते बसा. तो काय बहिरा आहे का?"

तेव्हापासून दोन खुर्च्या झाल्या तिथे. मिस्त्री काय म्हणतात, काही म्हणतात की नाही, मला माहीत नाही. माझ्यापर्यंत फक्त आवाज पोचतो. पण त्या अर्ध्या तासात ती कानामागची शीर इतकी शांत असते की मीही पेंगतो.

पाचव्या महिन्यात एका रविवारी मुलीचा फोन आला. वडिलांशी ती वीस मिनिटं बोलली. मग ताईंनी फोन घेऊन "कशी आहेस गं?" म्हटलं, तशी पलीकडे मुलगी गोंधळली.

"आई? तूच ना? फोन बदललास का?"

"नाही गं."

"किती स्वच्छ येतोय तुझा आवाज. मला वाटायचं तुमच्याकडची लाइनच खराब आहे."

ताईंनी मग तिला सगळं सांगितलं. मुलगी आधी रडली, मग रागावली, मग दोघी हसल्या. त्या आवाजात खरखर उरली नव्हती. थोडा जाडसरपणा होता, वयाचा.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. माझा राखाडी रंग पिवळट पडलाय. मिस्त्रींचे कान आणखी उतरले, मला झेपेनात. त्यांना नवं, जास्त ताकदीचं मशीन मिळालं. आता पुन्हा खिळ्यांच्या खणात रवानगी, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पण त्याच सुमाराला ताई "काय म्हणालात?" असं फार वेळा विचारू लागल्या. मिस्त्रींनी लगेच ओळखलं. त्यांच्याइतका या बाबतीतला जाणकार कोण? ते ताईंना घेऊन त्याच मॅडमकडे गेले. मॅडमनी ताईंच्या कानाचा साचा घेतला, मला त्यांच्या मापाने नव्याने जुळवलं, आणि मी घर न बदलता मालक बदलला.

तर माझं म्हणणं इतकंच. तुमच्या घरात कोणी हल्ली कमी बोलत असेल, तर त्याला सांगण्यासारखं काही नाही असं धरून चालू नका. कदाचित ते ओरडून सांगण्यासारखं नसेल. जवळ जाऊन बसा, हात रिकामे ठेवा. आणि ऐकू आलं नाही तर तसं म्हणा. त्यात कमीपणा नाही. मी अजून दोन-चार वर्षं चालेन, मग माझीही पाळी येईल. तक्रार नाही. चांगल्या दोन माणसांच्या कानाशी लागायला मिळालं.

काल मी पहिल्यांदा ताईंच्या कानामागे बसून घरी आलो. त्या शिवायला बसल्या, तेवढ्यात कारखान्यातून मिस्त्रींची हाक आली, "अगं, ऐकतेस का?"

"ओरडू नका, घसा जाईल," ताई साध्याच आवाजात म्हणाल्या. "वर या."

मिस्त्रींचे गुडघे आता कुरकुरतात. एकेक पायरी चढत, कठड्याला धरत ते वर आले आणि ताईंच्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले. धाप लागली होती. अंगाला ताज्या भुशाचा वास होता, असं ताई म्हणाल्या. ते त्यांच्या कानाशी वाकले.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. माझा आवाज कसा येतोय, ते विचारायचं होतं."

ताईंनी सुई बाजूला ठेवली.

"येतोय," त्या म्हणाल्या. "बसा ना जरा."